हिला धीर दे

बुधवारच्या प्रार्थनेत ड्रॉइंगबाई माझ्या नवऱ्यासाठी बरेपण मागायला विसरल्या. विसरल्या असंच मी आधी धरून चालले. बाई सत्तरीच्या पुढच्या, शाळेत जन्मभर पोरांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेतलेल्या, आता चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या. माणूस विसरतं. चर्चच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, रविवारी तिथे लहान मुलांचा वर्ग भरतो, आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही सातआठ बायका त्याच मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गोल करून बसतो. गुडघे पार हनुवटीशी येतात. कुणाचं दुखणं कुणी देवाकडे न्यायचं हे वाटून घेतलेलं असतं. माझा नवरा पहिल्यापासून ड्रॉइंगबाईंच्या वाट्याला. त्यांची प्रार्थना मला पाठ झाली होती: बापा, तुझ्या या लेकराची फुफ्फुसं नवी कर, त्याला खाटेवरून उठव, त्याच्या पायांनी त्याला तुझ्या घरात येऊ दे. ‘नवी कर’ म्हणताना त्यांचा आवाज असा चढायचा की वाटावं, बाई दुकानात खराब माल बदलून मागायला आल्यात. मला ते आवडायचं. त्या बुधवारी मात्र त्या खाली मान घालून, एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, बापा, हिला धीर दे. पुढच्या दिवसांसाठी हिला बळ दे. हिला तुझा हात सोडू देऊ नकोस. आमेन. बायकांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं असेल, तोंडाला सवय असते. पण माझे डोळे उघडे होते. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारी या मंडळीत मी एकटीच, असा माझा समज होता; तर समोरच्या खुर्चीवर सिस्टर, म्हणजे नवऱ्याच्या हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डवर काम करणारी आमच्यातलीच एक, थेट माझ्याकडे बघत होती. नजरानजर झाली तसे तिने डोळे गच्च मिटून घेतले, झोपेचं सोंग घेणाऱ्या पोरासारखे.

नंतर चहा झाला. चहाच्या वेळी कुणी काही वेगळं बोललं नाही आणि तेच मला खुपलं. ड्रॉइंगबाईंनी माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. मी एक घेते, हे त्यांना चांगलं माहीत आहे. दोन चमचे साखर माणूस कुणाला देतं? ज्याच्या घरून आत्ताच कुणाला पोचवून आलेत त्याला. खोलीला कुलूप लावायला पाळकसाहेब आले, त्यांनी विचारलं, “कशा आहात?” आणि उत्तरासाठी थांबले. एरवी ते विचारता विचारता पुढे गेलेले असतात, आपण बरी आहे म्हणेपर्यंत त्यांची पाठ दिसते. आज थांबले. मी म्हटलं, “बरी आहे.” ते म्हणाले, “देवाच्या योजनेत कधी चूक होत नाही, एवढं लक्षात ठेवा.” मी काही विचारलं नव्हतं. न विचारता एखादा माणूस चूक झाली नाही असं सांगायला लागला की समजावं, कुठेतरी काहीतरी झालंय. पर्स उचलून मी निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं तर खिडकीत तिघांची डोकी जवळ आलेली, आणि माझी नजर पडताच लांब झालेली. आता यावर कुणी म्हणेल, कप विसळत असतील. असतीलही. पण कप विसळायला पाळकसाहेब?

माझं कामच संशय घेण्याचं आहे. इंजेक्शनची औषधं भरणाऱ्या कारखान्यात मी कुप्या तपासते. काचेची बोटाएवढी कुपी, आत पाण्यासारखं औषध; ती दिव्याखाली धरायची, हलकेच गोल फिरवायची, आधी काळ्या पडद्यासमोर, मग पांढऱ्या. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. धाग्याचा तुकडा, काचेचा कपचा, कसलंही काही. दिसलं की कुपी लाल तबकात. डोळे शिणले की उठून खिडकीबाहेर लांबवर बघून यायचं, असा नियमच आहे, नाहीतर बघूनही दिसेनासं होतं. आणि यात एक गोम अशी की वरचे साहेब चांगल्या मालात मुद्दाम खराब कुप्या मिसळतात. बुडाला शाईची खूण असते, ती साध्या उजेडात दिसत नाही, त्यांच्या खास दिव्यातच दिसते. आम्ही जागे आहोत की झोपलोत ते पाहायला. मी नवीन होते तेव्हा मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. मग सवय झाली. नंतर तर असं झालं की लाल तबकात कुपी टाकताना मनात यायचं, ही खरीच खराब, की आपल्यासाठी मुद्दाम ठेवलेली? आणि एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात सांगू लागले की संकटं ही परीक्षा असते, ज्याच्यावर प्रेम त्याचीच देव परीक्षा घेतो. तेव्हा नवऱ्याचा आजार नुकताच कळला होता. मी बाकावर बसून विचार करत राहिले की म्हणजे हा माणूस, दोन पायांचा, रोज रात्री माझ्या पायांवर आपले गार पाय ठेवणारा, हा वरच्या साहेबांनी माझ्या तबकात मुद्दाम ठेवला की काय. बुडाला खूण करून. मी जागी आहे का ते बघायला. तसं असेल तर त्या माणसाचं काय? कुपीला कुणी विचारतं का, तुला मिसळू का म्हणून? मी हे कुणाजवळ बोलले नाही. देवावर माझा विश्वास नाही असं मुळीच नाही. तो आहे, मला पक्कं माहीत आहे. माझा त्याच्यावर भरवसा नाही, एवढंच.

घराकडे चालत गेले. फुटपाथवर दुकानांचे दिवे लागत होते, औषधाच्या दुकानातला माणूस मला ओळखतो, रोजच्यासारखी मान हलवतो. आज त्याने मान जरा जास्त वेळ हलवली. मी मनाला दटावलं, बाई, आता याच्यावर तरी नको. आमची इमारत जुनी, जिना अरुंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर अडकून पडला, यावर तो आधी स्वतःच विनोद करायचा. आता विनोदाला श्वास पुरत नाही. फुफ्फुसं कडक होत चाललीत, वाळत घातलेल्या स्पंजसारखी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. का होतात ते सांगता येत नाही, आणि झालेली पुन्हा मऊ होत नाहीत. बिछान्याशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं, दिवसरात्र घरघरतं, मध्येच फुस्स करतं, त्याची नळी नाकाशी. त्या आवाजाची मला इतकी सवय झालीय की कारखान्यातल्या शांततेत कान भांबावतात. मी आत गेले तेव्हा तो उशांना टेकून डोळे मिटून होता. मी चपला काढता काढता सहज सांगितल्यासारखं म्हटलं, “ड्रॉइंगबाईंनी विचारलंय तुला.”

“काय?” तो म्हणाला.

“कसा आहेस म्हणून.”

“सांगितलंस ना. बरा आहे.”

“तू बरा आहेस?”

त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. “आज कोण चुकलं?” तो म्हणाला. मी कुणाला तरी धरलंय, हे त्याला चपलांच्या आवाजावरून कळतं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाजवळ लपवायला फारसं उरत नाही, असं म्हणतात. माझ्यापुरतं ते खरं होतं. त्याच्याबद्दल मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा शंका आली.

आठवतं, तो धडधाकट असताना पाळकसाहेबांनी त्याच्यावरून एक उपदेश केला होता. म्हणाले, आपण लिफ्टमध्ये निर्धास्त पाय ठेवतो, वर दोर आहे की नाही हे बघत नाही, तसंच देवावर भरवसा ठेवून पाय टाकावा. सगळ्या मंडळीने वळून माझ्या नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. घरी येताना तो म्हणाला, पाळकसाहेब भला माणूस, पण लिफ्टमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. लिफ्टचं दार उघडलं की आधी खाली बघावं, लिफ्ट आलीय का. न बघता पाय टाकणारे मी खड्ड्यातून वर काढलेत. मी हसून हसून रस्त्यातच बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं की हा माझ्यातलाच आहे, आधी खाली बघणारा. पण तो माझ्यातला नव्हता. तो खाली बघायचा आणि मग बिनघोर पाय टाकायचा. मी खाली बघते आणि बघतच राहते. जेवणाआधी तो चार शब्दांची प्रार्थना करायचा, शेजाऱ्याला हाक मारल्यासारखी, आणि लगेच घास घ्यायचा. त्या चार शब्दांमागे काही धाकधूक असल्याचं मला कधी दिसलं नाही, आणि मी शोधलं नाही असंही नाही.

रात्रभर नीट झोप लागली नाही आणि का कोण जाणे, धाकट्या भावाची खाट सारखी डोळ्यांपुढे येत होती. मी शाळेत जायला लागले होते, तो अजून नाही. आमच्या खोलीत दोन खाटा, एक भिंतीकडे आणि एक खिडकीखाली. खिडकीखालची त्याची, कारण तो लहान, आणि त्यावरून मी रोज भांडायचे. मग त्याला ताप आला आणि त्यात तो गेला. घरात माणसं आली, गाणी म्हटली, गेली. आई रडायची थांबली तेव्हा मी विचारलं, देवाने असं का केलं? आई म्हणाली, त्यात त्याचा काहीतरी हेतू असेल, आपल्याला आज कळत नाही, पुढे कळेल. हे तिने माझी समजूत घालायला म्हटलं नसावं; स्वतःचीच घालत असेल. पण मी तो हेतू शोधायला निघाले. कुणाचा फायदा झाला, हे बघत घरभर हिंडले. आईचा नाही, बाबांचा नाही. आणि काही दिवसांनी आईने माझी गादी उचलून खिडकीखालच्या खाटेवर घातली आणि म्हणाली, आता तू इथे झोपत जा, वारा लागेल. तेव्हा मला कळलं. खाट मला मिळावी, हा हेतू. मी रोज मागितली होती, देवाने दिली. त्या खाटेवर मी खूप दिवस पाठ टेकून झोपले नाही, उठून भिंतीशी जमिनीवर झोपायचे, आणि सकाळी आईला वाटायचं मी झोपेत पडते. तेव्हापासून हेतू म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. लोकांना त्या शब्दाने धीर येतो. मला वाटतं, आता कुणाला उचलून माझी गादी कुठे घालणार?

सोमवारी हॉस्पिटलात दाखवायचं होतं. शेजारचे दोघं तरुण ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरसकट खुर्चीवर बसवून त्याला खाली आणतात, प्रत्येक वळणावर टेकवतात, आणि तो राजासारखा हात हलवतो. डॉक्टरांनी नळकांड्यात फुंकायला लावलं, बोटाला चिमटा लावला, कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर नजर लावून बसले होते, काळा पडदा, पांढरा पडदा. “गेल्या वेळेसारखंच आहे,” ते म्हणाले. “फार फरक नाही.” मी म्हटलं, “चांगलं की वाईट?” ते म्हणाले, “आहे तसं आहे, हेच या आजारात चांगलं.” इतकं सरळ बोलणं मला पचेना. नवऱ्याला आत आणखी एका तपासणीला नेलं तशी मी वॉर्डाकडे गेले. सिस्टर पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत होती. मला बघून तिने बाटली भरायच्या आधीच बंद केली.

“त्या दिवशी माझ्याकडे का बघत होतीस?” मी विचारलं.

“कुठल्या दिवशी, ताई?”

“सोंग नको करूस. तुम्हाला सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. त्याचे दिवस भरलेत का? डॉक्टरांनी तुझ्याजवळ काही सांगितलं का? मला सांगायचं सोडून देवाला सांगताय तुम्ही?”

ती एवढीशी झाली. आजूबाजूला बघून म्हणाली, “ताई, देवाशपथ, रिपोर्टमध्ये वेगळं काही नाही. इथलं मी बाहेर बोलत नाही आणि इथं बोलण्यासारखं काही नाहीये.”

“मग?”

“मला नका विचारू. बाईंना विचारा.” आणि जाता जाता वळून म्हणाली, “मी तुमच्याकडे बघत होते, कारण तुम्ही मोडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मोडला नाहीत.” माझ्याबद्दल एवढी काळजी कुणाला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे तेही मला संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी तडक ड्रॉइंगबाईंकडे गेले. खोलीत रंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास, खुर्च्यांवर कागद, बसायला जागा करायची म्हणजे दोन चित्रं उचलावी लागतात. त्या अजूनही फुलदाण्या काढतात. बाईंनी दार उघडलं आणि मला बघताच, मी तोंड उघडायच्या आधी, म्हणाल्या, “ये. मला वाटलंच होतं. माझीच चूक झाली.” त्यांच्या हाताला निळा रंग लागला होता, तो त्या फडक्याने पुसत राहिल्या. मी उभीच होते.

“तुझ्या नवऱ्याने आम्हाला बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तू कामावर गेली होतीस. पाळकसाहेब आणि मी. त्याला घरी प्रभुभोजन हवं होतं, चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घेतो तसं. ते झालं, आणि मग तो म्हणाला, माझं एक काम करा. आजपासून माझ्यासाठी बरेपण मागू नका. मागायचं तर तिच्यासाठी मागा.”

मी मटकन एका फुलदाणीच्या चित्रावरच बसले. बाईंनी ते पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

“का?” मी म्हटलं.

“ते त्याने सांगितलं, पण ते तुला मी सांगायचं नाही. त्याच्याकडूनच ऐक. तुला कळू द्यायचं नाही असं त्याने आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आणि मला वाटलं, जमेल. बुधवारी बसले, बापा म्हटलं, पुढे सवयीने याची फुफ्फुसं म्हणायला गेले... आणि शब्द येईना. त्याने मागू नको म्हटलंय आणि मी तुला ऐकू जावं म्हणून मागतेय. म्हणजे देवाशी बोलत नाहीये, तुझ्याशी बोलतेय, डोळे मिटून. असं नाटक मला येत नाही गं. शाळेत मी गॅदरिंगमध्येसुद्धा पडद्यामागेच असायचे. मग जे खरं मागायचं होतं तेच तोंडून निघालं. मनात म्हणायला हवं होतं. नंतर सिस्टरने खोदून विचारलं, तिलाही सांगावं लागलं. एवढी वर्षं प्रार्थना करतेय, आणि ऐन वेळी देवासमोर खोटं बोलता आलं नाही म्हणून तुला घायाळ केलं.” त्या खरोखरच खजील झाल्या होत्या. त्यांना ती चूक वाटत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि माझ्या मनात आलं की मी आजवर जेवढ्या कुप्या तपासल्या त्यात इतकी स्वच्छ एकही नव्हती, आणि हे मनात आल्याचाही मला राग आला. मी चहा न घेता निघाले.

रस्ताभर मी नवऱ्याशी भांडत होते. माझे ओठ हलत असावेत, कारण समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. ज्याला सरळ एक वाक्य बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागतं, तो माझ्या पाठीमागे पाळकांना बोलावतो, एवढं लांबलचक बोलतो, त्यांच्याकडून वचन घेतो. केवढा श्वास खर्च केला असेल! माझ्याशी बोलायला उरला नाही तो तिकडे गेला. आणि मी आपली दर बुधवारी बुटक्या खुर्चीवर गुडघे मोडून बसतेय, नवी कर, नवी कर, आणि तो इकडे देवाशी परस्पर मिटवून मोकळा. दोघांनी मिळून. मला न विचारता. जिना चढताना तर मला वाटलं, दार उघडून पहिल्यांदा मशीनच बंद करावं, म्हणजे कळेल. असा विचार माझ्या मनात आला हे खरं आहे. वर पोचेपर्यंत मला त्या विचाराने दरदरून घाम फुटला होता.

तो जागा होता. मी पर्स फेकली. “तुला मरायचंय का?” मी म्हटलं.

त्याने मला नीट पाहिलं. “बाईंनी... सांगितलं वाटतं,” तो म्हणाला.

“त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंच. तुला येतं.”

“बस.”

“बसणार नाही.”

“मी... वर बघून बोललो... की दम लागतो. बस.” म्हणून मी बसले. तो थांबून थांबून बोलत होता आणि मी मध्ये बोलू नये म्हणून ओठ दाबून धरले होते. “मला मरायचं नाही,” तो म्हणाला. “मला तर... पुढच्या आठवड्यात... कुणाची तरी लिफ्ट बघायला जायचंय. पण तू मागतेस... आणि रोज सकाळी माझ्याकडे बघतेस. मिळालं का म्हणून. फिरवून बघतेस मला. दिव्याखाली.” मशीन फुस्स झालं. “एक दिवस... मिळणार नाही. तेव्हा तू देवाला... लाल तबकात टाकशील. कायमचं. मी ओळखतो तुला.”

“टाकेन,” मी म्हटलं. “का नाही टाकणार?”

“मग मी गेल्यावर... तू भांडशील कोणाशी?”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. तो माझ्या विश्वासासाठी वगैरे काळजीत नव्हता, उपदेशात सांगतात त्या अर्थाने. पाळकसाहेबांना तो जे काही म्हणाला असेल ते असो. माझ्या नवऱ्याला एवढंच दिसत होतं की या घरात उद्या मी एकटी असेन, आणि ज्याच्यावर वैतागायचं, ज्याला जाब विचारायचा, ज्याच्यावर संशय घ्यायचा असं कुणीतरी मला लागतं, त्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. आणि ते कुणीतरी आपल्यामागे राहावं म्हणून त्याने आपल्या वाट्याचं मागणं काढून घेतलं होतं. माझी सोय लावत होता. जाताना माणूस गॅसवाल्याचा नंबर सांगून ठेवतो तसा. मी रडले. पुष्कळ रडले, तोंड न झाकता, आणि त्याने हात लांब केला तर तो माझ्या गुडघ्यापर्यंतच पोचला, तिथेच ठेवला. आईने कधीतरी हेतू म्हणून जे म्हटलं होतं त्यात मला आजवर एकही माणूस दिसला नव्हता, नुसती एक खाट दिसायची. आता समोर हा बसला होता, नाकाला नळी लावून, माझ्यासाठी काहीतरी योजून, आणि ते मला मान्य नव्हतं, आणि तरी ते माझ्यावरच्या प्रेमापोटी होतं यात मला खोट काढता येत नव्हती. मी शोधली. शोधायला काही कसूर केली नाही.

जेवायची वेळ झाली होती. मी सूप गरम केलं, पाव कापला, छोटं टेबल त्याच्यासमोर ओढलं. रोज तोच प्रार्थना करतो. आज त्याने मान हलवून माझ्याकडे बोट केलं. त्याचा श्वास बोलण्यात संपला होता.

“मी केली तर मला हवं तेच मागणार,” मी म्हटलं. “तुझा करार मला लागू नाही. मला कुणी विचारलेलं नाही.”

तो हसला, खोकला, आणि हाताने म्हणाला, कर.

मी डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडे बघतच बोलले. म्हटलं, देवा, हा माणूस मला हवा आहे. याची फुफ्फुसं नवी कर. याने काय सांगितलं असेल ते असो, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझा यात काही हेतू असेल तर तो तुझ्यापाशी ठेव, मला समजावत बसू नकोस, मला तो आवडणार नाही. मला हा हवा आहे. आणि तू दिला नाहीस तर मी निघून जाईन असं समजू नकोस. मी रोज येईन. तुला रोज विचारेन. तुझ्यावर माझा डोळा राहील आणि तुला माझ्यापासून सुटका नाही. एवढं बोलून मी थांबले. आणखी काही मागायचं सुचेना. टेबलावर सूप निवत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, “आता आमेन म्हण. तू म्हटल्याशिवाय मी वाढणार नाही.”

तो माझ्याकडे बघत होता. त्याने छाती भरून घेण्याचा प्रयत्न केला, खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या. “आ...” तो म्हणाला, आणि दम सरला. मशीन घरघरत राहिलं. त्याने डोळे मिटून हात किंचित वर केला, थांब म्हणून. मी थांबले. शब्दाचा अर्धा भाग अजून त्याच्या छातीत होता, श्वास आला की तोही येणार होता, आणि तो येईल याबद्दल मला काही संशय नव्हता.